पेटीतले कोरे कागद

पेटीचं झाकण उघडलं आणि आधी वास आला.

खंडूमामांनी मान मागं घेतली. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. श्रावणातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटून अर्धा तास झालेला, ओल्या मैदानावर चिटपाखरूही नव्हतं, आणि मुख्याध्यापकांच्या ऑफिसात पिकल्या द्राक्षांचा वास पसरला होता.

“श्रावणात द्राक्षं?” खंडूमामा म्हणाले. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिपाई असलेला माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला.

तासगावात हा प्रश्न साधा नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ऑक्टोबरात छाटणी, फेब्रुवारीत माल, आणि मार्च-एप्रिलात बेदाण्याच्या शेडवरून येणारा तो जड, गोड वास. श्रावणात बागेला नुसतं पान असतं. त्या महिन्यात द्राक्षांचा वास येणं म्हणजे कुलूप लावलेल्या घरातून कुणी आपलं नाव घेण्यासारखं होतं.

पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या. एकीत मुलींच्या संडासाला कडी नसल्याची तक्रार, दुसरीत खिचडीबद्दल काहीतरी. तिसरा वहीचा कागद, चार घड्या घातलेला. मी उलगडला. दोन्ही बाजूंनी कोरा.

“वास ह्येचाच हाय, वैनी.”

मुख्याध्यापक सूर्यवंशी सरांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, पालथा केला. “कोराय की. कुणीतरी चेष्टा केलीय.”

“पण सर, हा वास...”

“वासाला रजिस्टरात रकाना आहे का?” सरांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. “लिहा. व्यसनविषयक तक्रारी : निरंक.”

मी ‘निरंक’ लिहिलं आणि खाली सही केली.

त्या वर्षी शासनाचं परिपत्रक आलं होतं. ई-सिगारेटवर बंदी आली होती, तरी पोरं ती पेनासारखी कंपासपेटीत घालून आणत होती. म्हणून प्रत्येक शाळेत पेटी लावायची, तिची किल्ली एका आईकडं द्यायची, दर शनिवारी उघडायची, महिन्याला अहवाल पाठवायचा. आणि एक गुरुवार सोडून एक गुरुवार सांगलीहून समुपदेशक येणार. पालकसभेत किल्लीसाठी कुणी हात वर करेना. “जमदाडे वहिनी बी.एस्सी. आहेत,” कुणीतरी म्हणालं, आणि किल्ली माझ्या पदरात पडली. मला ती नको होती असंही नाही. माझी रेवा तेव्हा पाच वर्षांची, त्याच आवारात मोठ्या गटात होती. तिच्या आसपास काय चाललंय ते मला कळायला हवं होतं. मी मूळचीच तशी. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

आणि आमच्या घरातलं दुसरं लेकरूही त्याच शाळेत होतं. प्रणोती, माझ्या थोरल्या दिरांची मुलगी, दहावीला.

प्रणोतीची आई, उज्ज्वलाताई, दोन वर्षांपूर्वी डेंगीनं गेली. माझी जाऊ असली तरी मला थोरल्या बहिणीसारखी होती. चार एकर बाग आणि बेदाण्याची शेड तीच बघायची. तिच्या हातांना बारा महिने बेदाण्याचा वास असायचा. दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा होता. त्या हातानं तिनं माझं मनगट धरलं होतं. “स्वरूपा, पोरीला शिकीव. घरात कोंडू देऊ नको.”

मी भावजींकडून पोरगी अक्षरशः मागून आणली. त्यांचं म्हणणं, घरात भाकरी कोण थापणार. शेवटी कबूल झाले ते एका अटीवर. “दहावीपर्यंत ठेव. पण शाळेतनं एक जरी बोल आला, तर त्याच दिवशी गाडी घिऊन येणार. मग तिनं शिक्षणाचं नाव काढायचं नाही.”

सूर्यवंशी सरांनी तर सभेतच जाहीर केलं होतं, “जिचं नाव निघेल तिचा दाखला दुसऱ्या दिवशी हातात.” परिपत्रकात तसं कुठं नव्हतं. त्यात समुपदेशन लिहिलं होतं. पण परिपत्रक वाचतं कोण?

पुढच्या शनिवारी पुन्हा कागद. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तशाच चार घड्या, तसाच कोरा, तोच वास. खंडूमामा आता पेटी उघडायच्या आधी पायातल्या चपला काढून ठेवत. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गणपती आले, गेले. रजिस्टरात माझ्या हस्ताक्षरात एकाखाली एक ‘निरंक’ साचत गेले.

समुपदेशक शिकलगार मॅडम प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसायच्या. टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर फुप्फुसाचं चित्र, समोर रिकामी खुर्ची. एकदा मीच जाऊन बसले.

“एवढ्या लांबून येता, आणि कुणी येत नाही,” मी म्हटलं.

“येतात की,” त्या म्हणाल्या. “दारापर्यंत येतात. मला पावलं ऐकू येतात, ताई. एक जण तर दर खेपेला ठरल्या वेळी येते. थांबते. मी ‘ये बाळा’ म्हणेपर्यंत पावलं परत गेलेली असतात. उठून बघावं तर व्हरांडा मोकळा.”

मी त्यांना कागदाबद्दल सांगितलं. त्यांनी वास घ्यायला मागितला. पण कागद सरांनी केराच्या टोपलीत टाकला होता.

“पुढचा जपून ठेवा,” त्या म्हणाल्या. “कागद टाकायला कुणीतरी पेटीपर्यंत चालत आलंय ना? मग तो कोरा कसा?”

नवरात्राच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी रेवाला भरवत होते. भाताचा घास गालात धरून ती म्हणाली, “आई, मोठी आई वरच्या खोलीत येते.”

आमच्यात चुलतीला मोठी आई म्हणतात. रेवाची मोठी आई गेली तेव्हा रेवा तीन वर्षांची होती.

“कोण येते?”

“मोठी आई. प्राणूताईकडं. मी दाराच्या फटीतनं बघितली. ती ढगातनं येते. मग सगळ्या खोलीला द्राक्षांचा वास येतो.”

“आणि ताई काय करते?”

“रडते. मग हसते. मला म्हणाली, आईला सांगू नको.”

हातातला घास ताटात पडला. वर प्रणोतीच्या खोलीत भूगोलाचं मोठ्यानं वाचन चालू होतं. दख्खनच्या पठारावरील काळी मृदा. काळी मृदा. काळी मृदा. एकच ओळ.

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली मी, त्या संध्याकाळी दोन्ही पोरींची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. तव्यावर मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका कुणालाच आला नाही. प्रणोती पाटावर मुकाट बसली होती. डोळ्यांखाली वर्तुळं, ओठ कोरडे, बोटं सारखी ओढणीशी चाळा करणारी. दहावीचं टेन्शन, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

“काकी, तुला खरंच वाटतं का आई येते?” तिनं विचारलं.

“तुझ्यावर जीव होता तिचा,” मी म्हटलं. “आली तर काय बिघडलं?”

ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा ते बघणं मला कळलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेटी रिकामी करून कुलूप लावलं, वर सह्या केलेली कागदी पट्टी चिकटवली. शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी पट्टी जशीच्या तशी होती. खंडूमामांनी दोनदा बोट फिरवून बघितली. झाकण उघडलं आणि ते दोन पावलं मागं सरले.

सात कागद. कोरे. चार-चार घड्यांचे.

“सुट्टीत कोण आलं हुतं हितं?” मामा पुटपुटले. “वैनी, मी सांगतो, ह्यो मानसाचा कारभार न्हाई. कुनाची तरी इच्छा ऱ्हायलीया.”

सर या वेळी हसले नाहीत. “लिहा, निरंक,” एवढंच म्हणाले आणि पंखा मोठा केला.

पण पेटीला वरून फट होती. टाकायला कुलूप काढावं लागत नाही. आणि सुट्टीत शाळेत कोण येत होतं ते मला माहीत होतं, कारण त्या पोरींतल्या एकीचा डबा मीच भरत होते. दहावीचे जादा तास. सात दिवस.

त्या दिवशी पहिल्यांदा मी एक कागद पर्समध्ये घातला.

घरी आले. प्रणोती गिरणीत दळण आणायला गेली होती. मी वर गेले, तिच्या वह्या काढल्या. इंग्रजीची वही, तांबड्या समासाची. मधली पानं जोडीजोडीनं काढलेली. पिना सैल पडलेल्या. पर्समधला कागद मी समासाला समास लावून ठेवला. बसला. वहीला वास होता. उशीला होता. खुंटीवरच्या स्वेटरच्या खिशात जांभळ्या रंगाचं, खडूएवढं काहीतरी होतं. मी त्याला बोट लावलं आणि हात मागं घेतला. बाहेर काढून बघितलं असतं, तर मला ते माहीत झालं असतं.

“काकी, काय शोधतीस?”

ती दारात उभी होती. डोक्यावर पिठाचा डबा, भुवयांवर पीठ.

“काही नाही गं. रेवाचा खोडरबर.”

“सापडला?”

“नाही.”

तिनं डबा खाली ठेवला. वही पलंगावर उघडी होती, कागद माझ्या मुठीत होता. तिनं दोन्हीकडं बघितलं. मी बाजूनं निघून खाली आले.

पुढच्या शनिवारीही कागद निघाला. मी तो सरांना दिसायच्या आधी पदराखाली घेतला आणि कुणी न सांगता ‘निरंक’ लिहिलं. माझ्या डोळ्यांपुढं भावजींची गाडी होती. चार महिने, मी मनाशी म्हणत होते. चार महिन्यांत परीक्षा होईल. एकदा दहावी पदरात पडली की मग बोलू, मग रागावू, मग डॉक्टरकडं नेऊ.

त्या दिवशी जेवताना प्रणोतीनं विचारलं, “काकी, आज पेटीत काय निघालं?”

तिनं असं कधी विचारलं नव्हतं. माझे यजमान आमटी ओरपत होते. रेवा पापड मोडत होती.

“काही नाही,” मी म्हटलं. “निरंक.”

“म्हणजे काय, काकी?” रेवा मधेच. काकी हे तिचं नवीन फॅड होतं, ताईचं ऐकून मला काकी म्हणायचं.

“म्हणजे काहीच नाही,” प्रणोती म्हणाली. “शून्यपण नाही.” आणि ताट घेऊन उठली.

त्यानंतर पेटीत कागद आला नाही. एकही नाही. खंडूमामांनी पेटीपुढं नारळ फोडला होता, त्यांना वाटलं गुण आला. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. व्हरांड्यातली पावलंही थांबली, असं शिकलगार मॅडम म्हणाल्या. पण त्यांना ते चांगलं लक्षण वाटलं नाही.

मग फेब्रुवारी लागला आणि सगळ्या गावालाच वास यायला लागला. क्रेट भरलेले टेम्पो दारावरून जायचे. यजमान कोल्ड स्टोरेजवरून यायचे ते वास घेऊनच. दाराला, पडद्यांना, रेवाच्या केसांना, सगळीकडं द्राक्षं. पाच महिने मी नाकानं घर राखत होते. आता काय कुठून येतं ते मला सांगता येईना.

त्या मंगळवारी दुपारी मी वाळवण गोळा करायला गच्चीवर होते. पंधरा मिनिटं असेल. खाली आले तर घर फार शांत होतं. रेवा घरात असली की काही ना काही पडतं, आपटतं. वरच्या खोलीचं दार उघडं होतं. ती पलंगाजवळ फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय सरळ, खेळण्यातल्या बाहुलीसारखी. चेहरा पांढराफटक. तोंडातून लाळेची तार फ्रॉकवर उतरली होती. हातात बोटाएवढी बाटली, तिच्यावर द्राक्षांच्या घडाचं चित्र.

“आई,” ती म्हणाली, “मोठी आई कडू आहे.”

मग तिला उलटी झाली आणि हातपाय थरथरायला लागले.

मला उचलता येईना. हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे. मी तिच्यापुढं उभी राहून हवेचा वास घेत होते. जिन्यावर पावलं वाजली. प्रणोती पेपरच्या सरावावरून आली होती. तिनं एकदा बघितलं, दप्तर टाकलं, रेवाला खांद्यावर घेतलं, बाटली मुठीत धरली आणि अनवाणी रस्त्यावर धावली. चौकात तिनं द्राक्षांचा टेम्पो अडवला. मी मागून चढले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय गेलंय पोटात?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

तोंडातून तेच आलं. पाच महिन्यांची सवय.

“निकोटिन,” प्रणोती म्हणाली आणि बाटली टेबलावर ठेवली. “ई-सिगारेटमधलं. अर्धी होती, आता एवढीच आहे. वीस मिनिटं झाली असतील. बाटली माझी आहे.”

उलटीवाटे बरंचसं पडून गेलं होतं. आणि काय गेलं ते लगेच कळलं, म्हणून त्यांना वेळ मिळाला. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, धोका टळला, पण उद्यापर्यंत इथंच ठेवू. मी बाकावर बसले. प्रणोती समोरच्या भिंतीशी उकिडवी बसली होती, तळपाय रक्तानं माखलेले.

“क्लासमधल्या एकीनं दिलं,” ती आपणहून बोलायला लागली. “पेन म्हणून. मी वास घेतला, तर आईच्या हातांचा वास. खरंच, काकी. डोळे मिटून ओढलं की आई शेजारी बसल्यासारखी. म्हणून रोज ओढायची. मग आई यायची बंद झाली, तरी ओढल्याशिवाय हात थांबेनात. त्या मॅडमच्या दारापर्यंत जायची. पण आत गेलं की सगळ्या शाळेला दिसतं. सर दाखला देणार, बाबा नेणार.”

“मग मला सांगायचं होतंस. घरात होते ना मी.”

“सांगत होते की.” तिनं मान वर केली. “लिहिलं असतं तर सरांनी वाचलं असतं. अक्षर ओळखलं असतं. म्हणून नुसता वास पाठवत होते. किल्ली तुझ्याकडं होती म्हणून. तू सगळ्याचा वास घेतीस, दुधाचा, पाण्याचा, रेवाच्या टोपीचा. मला वाटलं, तुला लगेच कळेल.”

मी तिच्या रक्ताळलेल्या तळपायांकडं बघितलं.

“कळलं होतं ना?”

आतून रेवाच्या रडण्याचा आवाज आला. ती रडत होती म्हणजे श्वास घेत होती. मी उठले, पण आत जायच्या आधी प्रणोतीपुढं खाली बसले. “कळलं होतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भावजी आले. गाडी दारात, इंजिन चालूच. “भर तिचं सामान.”

“परीक्षा झाल्याशिवाय ती इथनं हलणार नाही, भावजी.”

“पोरगी मरता मरता वाचली तुझी, आणि तू हिला...”

“वाचवली तिनंच. गाडी बंद करताय का? चहा टाकते.”

ते चहा न घेता गेले, पण एकटेच गेले.

गुरुवारी मधल्या सुट्टीत, अख्खं मैदान भरलेलं असताना, मी प्रणोतीचा हात धरून शाळेच्या फाटकातून आत गेले. कुणीतरी खेळ थांबवला, मग सगळ्यांनीच. इतक्या पोरांचं मैदान इतकं गप्प मी परत कधी ऐकलं नाही. तिचा हात घामानं गार होता. आम्ही मैदान मधोमध ओलांडलं, व्हरांड्यात चढलो. शिकलगार मॅडमनी ‘ये बाळा’ म्हटलं, आणि ती आत गेली. मी बाहेर बसले. सूर्यवंशी सर दाखल्याचं पुस्तक घेऊन आले तेव्हा मॅडम दारात आल्या, परिपत्रकाची घडी उलगडली आणि समुपदेशनाचं कलम वाचायला लागल्या. अगदी पहिल्यापासून, मोठ्यानं, मैदानाला ऐकू जाईल असं. सर पुस्तक घेऊन परत गेले.

प्रणोतीनं त्या मार्चमध्ये परीक्षा दिली. व्यसन सुटायला मात्र दीड वर्ष लागलं. सोपं नव्हतं, दोनदा पुन्हा ओढायला लागली. आता ती पुण्यात औषधांच्या कंपनीत असते. संक्रांतीला येते. तिच्यात आणि माझ्यात एक गोष्ट आहे, तिच्यावर आम्ही बोलत नाही, आणि बाकी सगळ्यावर बोलतो. रेवा आठवीत आहे. तिला त्यातलं फक्त टेम्पोतून गेलेलं आठवतं.

मला आठवतो तो त्या गुरुवारनंतरचा शनिवार.

खंडूमामा पेटी घेऊन आले. या वेळी चपला त्यांच्या पायातच होत्या. “पोरगी बरी हाय न्हवं?” त्यांनी विचारलं. मी कुलूप काढलं. प्रणोती घरी होती, अंथरुणात, तापानं फणफणलेली. दोन दिवस ती शाळेकडं फिरकली नव्हती.

झाकण उघडलं आणि वास आला. पण द्राक्षांचा नाही. एक आंब्याचा. एक पुदिन्याचा. एक कसला ते मला ओळखता आलं नाही.

तीन कागद. एकाला दोन घड्या, एक सुरळी केलेला, एक चुरगाळून गोळा केलेला. तिन्ही कोरे.

सर खिडकीतून मैदानाकडं बघत होते. सुट्टी होऊन अर्धा तास झाला होता, तरी व्हरांड्यात कुणीतरी थांबलेलं होतं. पावलं वाजत नव्हती, पण दाराखालच्या उजेडात सावल्या होत्या.

“लिहा,” सर वळून न बघता म्हणाले.

मी रजिस्टर ओढलं. रकाने मोजके होते, पण समासाला जागा होती. लिहिलं : कोरे कागद तीन. तिन्हींना वास आहे. मुली वेगवेगळ्या आहेत.